उपवासाचे ताट आणि एकादशीचे मर्म

॥ श्री ॥

एकादशीच्या दिवशी मंदिराच्या पाकगृहातील सुगंध निराळा असतो. वरण-भाताच्या वाफेऐवजी तुपात तडतडणारे जिरे, खमंग भाजलेले शेंगदाणे आणि मंद आचेवर मऊ होत असलेली वरी यांची चाहूल दर्शनबारीतील भाविकांपर्यंत पोहोचते. दर्शन आटोपून पंगतीत बसलेल्या भाविकासमोर साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि राजगिऱ्याचा लाडू असे ताट येते. महाराष्ट्रातील घराघरांत हे ताट इतके रुळले आहे की, ते अनादि काळापासून असेच चालत आले असावे, असे कोणालाही वाटावे.

याच ताटावरून मतभेदही होतात. खिचडीत कोथिंबीर चालते की नाही? जिरे चालते, मग हळद का चालत नाही? मीठ साधे घ्यावे की शेंदेलोण? एका घरात जे चालते ते शेजारच्या घरात चालत नाही. माहेरी कोथिंबीर खाणारी मुलगी सासरी आली की पहिल्या एकादशीलाच तिला हा फरक कळतो. काही घरांत वरी हेही धान्यच, म्हणून ती वर्ज्य मानतात. पंगतीत एखादा भाविक कोथिंबिरीचे पान पाहून ताट बाजूला सारतो, आणि समोर बसलेला दुसरा भाविक तेच ताट श्रद्धेने ग्रहण करीत असतो. दोघांचीही निष्ठा खरी असते. अशा वेळी उपवासाचे मर्म कशात आहे, याचा विचार शांतपणे करणे उचित ठरते.

उपवास या शब्दाचा अर्थ

‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वास’ म्हणजे राहणे. देवाच्या सान्निध्यात राहणे हा उपवासाचा परंपरेने सांगितलेला अर्थ होय. भोजन करणे किंवा न करणे हे त्या सान्निध्याचे साधन आहे. एकादशीस अन्नामध्ये पाप वास करते, म्हणून त्या दिवशी अन्न वर्ज्य करावे, अशी कथा पुराणांत आहे. तेथे ‘अन्न’ याचा अर्थ नांगरून, पेरून पिकविलेले धान्य असा घेतला गेला. त्यामुळे फळे, कंदमुळे, दूध आणि रानात आपोआप उगवणारे दाणे हा फलाहार ठरला. न पेरता उगवणाऱ्या भाताला संस्कृतात ‘नीवार’ म्हणतात. कालिदासाच्या शाकुंतलात कण्वांच्या आश्रमाचे वर्णन येते, तेथेही नीवाराचे दाणे विखुरलेले आढळतात. तपोवनातील अन्न म्हणजे शेतकऱ्याच्या आणि बैलाच्या श्रमावर भार न टाकणारे अन्न, ही त्यामागील भावना होती.

भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे ऋषिपंचमीला, महाराष्ट्रातील स्त्रिया आजही हीच भावना जपतात. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा दंडक आहे. परसातील पालेभाज्या, कंद, भोपळा आणि देवभात अशा पदार्थांवर त्या व्रतस्थ राहतात. वर्षभर ज्या मुक्या प्राण्याच्या बळावर घर जेवते, त्याच्या श्रमाची एक दिवस आठवण ठेवण्याची ही रीत किती हृद्य आहे! उपवासाच्या ताटाचे मूळ येथे आहे.

ताटातील पदार्थांची कुळकथा

मूळ भावना इतकी जुनी असली तरी ताटातील पदार्थ मात्र तितके जुने नाहीत. संत ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदी येथे १२९६ साली समाधी घेतली. त्यांच्या आणि संत नामदेवांच्या काळी पंढरीच्या वाटेवर एकादशी पाळली जात होती. परंतु त्या संतांच्या मुखी साबुदाण्याचा दाणा, बटाट्याची फोड, शेंगदाण्याचे कूट किंवा हिरवी मिरची कधीच गेली नाही. हे सर्व पदार्थ ज्या भूमीतून आले, त्या अमेरिका खंडापर्यंत कोलंबस १४९२ साली पोहोचला. त्यानंतर पोर्तुगीज १४९८ साली भारताच्या किनाऱ्यास लागले, १५१० साली त्यांनी गोवा घेतला, आणि मग हळूहळू ही नवी पिके आपल्याकडे रुजली. मराठीतील ‘बटाटा’ हा शब्दच मुळी पोर्तुगीज भाषेतून आला आहे.

त्यापूर्वी तिखटपणासाठी मिरे, आले आणि पिंपळी यांचा उपयोग होत असे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर प्रकरण आहे. त्यात मिरे आहेत, हिंग आहे. मिरची असणे शक्यच नव्हते.

साबुदाण्याची कथा तर आणखी अलीकडची आहे. मलाया व इंडोनेशियाच्या बेटांवर सागू नावाचा ताडासारखा वृक्ष असतो. त्याच्या खोडातील पिठुळ गरापासून पूर्वी हे दाणे करीत आणि ते जहाजाने येत असत. ‘सागू’ या मलाय भाषेतील शब्दाशीच ‘साबू’चे नाते आहे. आज भारतात मिळणारा साबुदाणा त्या वृक्षाचा नसून टॅपिओका या कंदाचा असतो. हा कंद दक्षिण अमेरिकेतील. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८० ते १८८५) यांनी गरीब प्रजेच्या पोटाला आधार म्हणून त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशातून येणारा साबुदाणा दुर्मीळ झाला, तेव्हा तामिळनाडूतील सेलमच्या परिसरात या कंदापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. कंद सोलून, धुऊन वाटायचा, त्याचे दुधासारखे पाणी गाळून स्थिर ठेवायचे, तळाशी बसलेल्या सत्त्वाचे गोल दाणे वळायचे आणि ते भाजून वा वाफवून उन्हात वाळवायचे, अशी ही रीत आहे. दुष्काळात गरिबाला जगविण्यासाठी ज्या कंदाची लागवड वाढविण्यात आली, तोच आज एकादशीच्या ताटाचा मानकरी झाला आहे.

राजगिऱ्याची कथा सर्वांत मनोज्ञ आहे. हे दाणे मेक्सिकोच्या परिसरातील. तेथील ॲझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात मधासारखा गोड पाक कालवून आपल्या देवतांच्या मूर्ती घडवीत आणि पूजेनंतर त्यांचे तुकडे वाटून खात. १५२१ साली स्पॅनिश सत्तेने त्यांचे राज्य जिंकले. जुन्या पूजा बंद पडल्या आणि त्यांबरोबर या धान्याचीही उपेक्षा झाली. तरीही लाह्या गोड पाकात घालून केलेली वडी तेथे आजही मिळते. तिला ‘अलेग्रिया’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ आनंद. सातासमुद्रापलीकडच्या एका लोकसमूहाने देवाच्या पूजेसाठी निवडलेला दाणा आपल्याकडेही देवाच्याच दिवशी ताटात यावा, हा योग भाविकाला अंतर्मुख करणारा आहे.

याचा अर्थ ताटात आपले असे काहीच नाही, असा मुळीच नव्हे. वरी आणि तिच्याच जातकुळीतील सावा ही याच भूमीतील बारीक धान्ये आहेत. सह्याद्रीच्या उतारावर, नाशिक-पालघरच्या डोंगराळ भागात आदिवासी शेतकरी पिढ्यानपिढ्या ती पिकवीत आले आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा या दाण्यांकडे नव्याने लक्ष गेले. शिंगाडा हाही येथलाच. भंडारा-गोंदियाच्या तलावांत ढिवर समाजाची कुटुंबे पाण्यात उतरून तो काढतात. सुरण आणि केळी जुनीच आहेत. शेंदेलोण म्हणजे सैंधव, सिंधूच्या प्रदेशातील खनिज मीठ. त्याची मोठी खाण खेवडा येथे, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबात आहे.

या सर्वांत एक गंमत ध्यानी येते. जी हळद हजारो वर्षे या मातीत पिकली, जी प्रत्येक पूजेत कुंकवाशेजारी मांडली जाते, ती उपवासाच्या भाजीत वर्ज्य; आणि काही शतकांपूर्वी जहाजातून उतरलेली मिरची मात्र मान्य! यात कोणाची चूक नाही. पूर्वजांनी नव्या पदार्थाला विचारले, “तू आमच्या नेहमीच्या धान्यांपैकी आहेस काय?” तो नव्हता, म्हणून त्याला ताटात जागा मिळाली. ताट असे उदार मनाने वाढत गेले. ज्या पूर्वजांनी परमुलुखातून आलेल्या कंदाला देवाच्या दिवशी पानात घेतले, त्यांच्या वंशजांनी कोथिंबिरीच्या पानावरून शेजारच्या भाविकास कमी लेखावे, हे शोभत नाही. आपल्या घरची रीत निष्ठेने पाळावी. दुसऱ्याच्या रीतीचा न्याय करू नये.

राजा अंबरीषाची द्वादशी

मग ताट बदलत असताना काय बदलत नाही? याचे उत्तर श्रीमद्भागवताच्या नवव्या स्कंधातील अंबरीष राजाच्या कथेत मिळते.

राजाने वर्षभर एकादशी-द्वादशीचे व्रत केले. व्रताच्या अखेरीस त्याने कार्तिक मासी तीन रात्री उपवास केला, यमुनेत स्नान केले, दाने दिली, ब्राह्मणांना भोजन घातले आणि तो पारणे करण्यास बसला. तोच दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले. राजाने त्यांना भोजनाची विनंती केली. ती स्वीकारून ते स्नानासाठी नदीवर गेले आणि ध्यानात मग्न झाले. इकडे द्वादशी संपत आली. तिथी संपण्यापूर्वी पारणे केले नाही तर व्रत भंग पावणार आणि अतिथीच्या आधी जेवले तर अतिथीचा अपमान होणार! राजाने जाणत्यांना विचारले. त्यांच्या सल्ल्याने त्याने केवळ पाण्याचा एक घोट घेतला. पाणी पिणे हे भोजन आहेही आणि नाहीही. त्यामुळे व्रतही राहिले आणि अतिथीचा मानही राहिला.

दुर्वासांना मात्र हे सहन झाले नाही. त्यांनी क्रोधाने जटेतून कृत्या निर्माण केली. भगवंताच्या सुदर्शनाने तिचा नाश केला आणि ते ऋषींच्याच मागे लागले. ब्रह्मलोक, कैलास, वैकुंठ कोठेही त्यांना आश्रय मिळेना. भगवंतांनीही त्यांना अंबरीषाकडेच जाण्यास सांगितले. दुर्वास परतले तेव्हा एक वर्ष लोटले होते. त्या वर्षभरात राजा जेवला नव्हता! ज्याने आपल्यावर संकट आणले, तो अतिथी उपाशी गेला आहे, म्हणून राजा केवळ जलावर राहिला होता. त्याने सुदर्शनाची प्रार्थना करून ऋषींना मुक्त केले, त्यांना आदराने जेवू घातले आणि त्यानंतरच स्वतः अन्न ग्रहण केले.

या कथेत राजा काय खात होता, याचा फारसा उल्लेख नाही. कोण उपाशी आहे, यावर सारी कथा उभी आहे. व्रताच्या नियमाने राजाला एका दिवसाचा उपवास सांगितला होता. अतिथीच्या भुकेने त्याच्याकडून वर्षाचा उपवास करविला. एकादशीचे मर्म हेच. स्वतःची भूक एक दिवस अनुभवावी, म्हणजे दुसऱ्याची भूक ओळखता येते.

देह हे देवालय

आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला निघते, तो दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो. वाटेत दिवे घाटाची चढण. वारीतील अत्यंत लांबच्या मजलांपैकी ही एक, आणि नेमका त्याच दिवशी उपवास! अशा वाटेवर एखादी वृद्ध माउली रस्त्याच्या कडेला बसते. तिला मधुमेह असतो, सकाळची गोळी घेतलेली असते आणि पोटात मूठभर खिचडीखेरीज काही नसते. अंगाला घाम फुटतो, हात थरथरतात. दिंडीतील सोबतीण गुळाचा खडा तिच्या मुखी घालते, पाणी पाजते आणि थोड्या वेळाने भाकरी पुढे करते. ती माउली मान फिरवते. “आज एकादशी. चाळीस वर्षं मोडली नाही, आज कशी मोडू?” सोबतीण तिचा हात धरून म्हणते, “खा माउली. पांडुरंगाला तुम्ही पोहोचायला हव्यात.”

त्या भाकरीने कोणाची एकादशी मोडली, असे कोणता संत म्हणेल? भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा अन्य विकार असलेल्या भाविकांनी, गर्भवती स्त्रियांनी, बालकांनी व वृद्धांनी आपल्या वैद्यांना विचारूनच उपवास करावा. साबुदाणा हा जवळजवळ केवळ पिठुळ सत्त्वाचा असल्याने रक्तातील साखर झपाट्याने वाढवितो, आणि औषध घेऊन उपाशी राहिल्यास ती धोकादायक रीतीने उतरते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच पूर्वजांनी आपल्यालाच चिमटा काढण्यासाठी केली आहे. तिचाही विसर पडू नये.

वरीचा भात व दाण्याची आमटी

पचनास हलके असे हे जुने जोडअन्न दोन-तीन जणांना पुरेल इतके पुढीलप्रमाणे करावे.

एक वाटी वरी निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवावी व निथळत ठेवावी. पातेल्यात एक चमचा तूप तापवून अर्धा चमचा जिरे घालावे, त्यावर वरी परतावी. तीन वाट्या उकळते पाणी व चवीपुरते मीठ घालून, झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे शिजवावी.

आमटीसाठी अर्धी वाटी भाजलेले शेंगदाणे सालासकट किंवा सोलून थोड्या पाण्यात बारीक वाटावेत. तुपात जिरे व एखादी हिरवी मिरची परतून त्यात हे वाटण, दोन ते अडीच वाट्या पाणी, तीन-चार आमसुले, मीठ व लहानसा गुळाचा खडा घालून चांगली उकळी आणावी. ज्यांना मिरची सोसत नाही त्यांनी तिच्याऐवजी चार-पाच मिरे कुटून घालावेत. संतांच्या काळची तिखट चव ती हीच.

येथे एक दक्षता अत्यंत आवश्यक आहे. वरी अर्थात भगर ओलावा लवकर धरते आणि दमट जागी तिला बुरशी लागते. तिचे पीठ तर फारच लवकर बिघडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात एकादशीच्या प्रसादानंतर शेकडो भाविकांना विषबाधा झाली होती. म्हणून भगर बंद पाकिटातील, मुदत पाहून आणावी. सुटे पीठ घेऊ नये. पीठ हवे असल्यास धान्य निवडून घरीच दळावे. शिजविलेला भात व आमटी ताजीच संपवावी, रात्रीची सकाळी वापरू नये. मंदिरात अर्पण करण्यासाठी धान्य आणणाऱ्या भाविकांनीही, जे आपण आपल्या लेकरांना घालणार नाही ते देवाच्या पंगतीस देऊ नये.

उपवासाचे दान

उपवासाने वाचलेला घास कोठे जातो, हा प्रश्न प्रत्येक भाविकाने स्वतःस विचारण्यासारखा आहे. वर्षात चोवीस एकादशी येतात, अधिक मास आला की सव्वीस. त्या प्रत्येक दिवशी घरातील धान्याचे दोन वेळचे माप डब्यातच राहते. पूर्वी अनेक घरांत स्वयंपाकास बसताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवण्याची रीत होती; महिन्याकाठी ते साठलेले धान्य एखाद्या विद्यार्थ्याला, निराधाराला किंवा अन्नछत्राला जात असे. एकादशीला न शिजलेले धान्य असेच बाजूला काढून द्वादशीला एखाद्या भुकेल्याच्या मुखी घालता आले, तर ते व्रत खऱ्या अर्थाने पूर्ण होते. देणगी लहान की मोठी, याला तेथे महत्त्व नाही. पान, फूल, फळ किंवा पाणी भक्तीने अर्पण केले तरी मी ते ग्रहण करतो, असे अभय भगवंतांनी गीतेत दिले आहे.

नीवार गेला, वरी राहिली. मिरे मागे पडले, मिरची आली. सागूच्या जागी टॅपिओका आला. आणखी शंभर वर्षांनी या ताटात काय असेल, हे कोणी सांगू शकत नाही. मात्र पंगतीच्या दाराशी उभा असलेला भुकेला अंबरीषाच्या काळी होता, आजही आहे. द्वादशीच्या सकाळी घरोघरी पारण्याची तयारी होते, पानावर वरण-भात वाढला जातो, तूप पडते. हाताशी पहिला घास येण्यापूर्वी भाविकाने क्षणभर थांबून दाराकडे पाहावे. कोणी उभे असेल, तर आधी त्याचे पान मांडावे.

॥ रामकृष्णहरी ॥